माझ्या नावाची बाई

वर्ध्याला जाऊन आले असं सांगितलं की लोक विचारतात, आश्रम पाहिला का. मी नाही पाहिला. चार दिवस त्या जिल्ह्यात होते, दोनदा त्या फाट्यावरून रिक्षाने गेले, पण उतरले नाही. मी तिथे काही पाहायला गेले नव्हते. वडिलांबद्दलचा एक संशय घेऊन गेले होते आणि तो खरा की खोटा, एवढंच मला तपासायचं होतं. तेव्हा हे वाचून कोणी सहलीचा बेत आखणार असेल, तर त्याच्या उपयोगाचं यात फारसं काही नाही.

माझं नाव माया. सांगलीत एका प्रशिक्षण संस्थेत मी तीस वर्षं शिवणकाम आणि कटिंग शिकवलं, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आमच्या कामात माया म्हणजे शिवणीच्या बाहेर सोडलेलं जादा कापड. उद्या अंगाने भरलात तर उसवून मोठं करता यावं म्हणून ठेवलेलं. दरवर्षी नव्या वर्गात कोणीतरी विचारायचीच, "मॅडम, माया किती सोडू?" आणि मागच्या बाकावर हसू फुटायचं. कीर्तनात माया म्हणजे भ्रम. साहेबाने बंगला बांधला की माया म्हणजे वरची कमाई. आणि लेकराच्या पाठीवरून हात फिरवला की तीही मायाच. एवढे अर्थ असलेलं नाव, पण आमच्या घरात ते घेतलं जायचं फक्त वडिलांच्या तोंडून. आईने मला जन्मात कधी माया म्हटलं नाही. तिच्यासाठी मी बेबी. साठी आली तरी बेबीच.

मी अकरा वर्षांची असताना एक भांडण ऐकलं होतं. वडील दोन-तीन वर्षांनी एकदा एकटेच वर्ध्याला जायचे, "जुन्या नोकरीचं काम आहे" असं सांगून. त्या दिवशी ते पिशवी भरत होते आणि आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तिचं नाव आणून घरात ठेवलंत, तेवढं पुरे झालं. आता तिच्या दाराशी जायचं नाही." वडिलांनी पिशवी उचलली. गेले, आणि येताना नेहमीसारखा गोरसपाकाचा, म्हणजे तिकडच्या बिस्किटांचा, पुडा घेऊन आले. मी तो खाल्ला नाही. तेव्हापासून मला माहीत होतं की माझं नाव दुसऱ्या कुठल्यातरी बाईचं आहे.

वडील जाऊन नऊ वर्षं झाली. हे सगळं आहे तसंच राहिलं असतं. पण नातीला, इराला, शाळेतून गृहपाठ मिळाला: घरातल्या माणसांची नावं कोणी ठेवली आणि त्यांचा अर्थ काय. ती सुट्टीला आली होती. जेवताना तिने माझ्या आईला विचारलं, "पणजी, आजीचं नाव कोणी ठेवलं?"

"आठवत नाही बाई," आई म्हणाली आणि ताटावरून उठली.

माझ्या आईला चौऱ्याऐंशीव्या वर्षीही शेजारच्या लग्नात कोणी कुठलं लुगडं नेसलं होतं ते सांगता येतं. मी त्याच आठवड्यात तिकीट काढलं. तिला सांगितलं, नागपूरला विद्यार्थिनीचं लग्न आहे. वडिलांसारखीच थाप मारून निघाले.

वर्धा

लॉजच्या व्यवस्थापकाने आधार कार्ड उलटसुलट पाहिलं. "एकट्याच? काम काय आहे?"

"एका बाईंना शोधायचंय."

"नाव?"

"माया."

"तुमचं नाई. ज्याईले शोधता त्याईचं."

"तेच आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग कार्डाकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि एका दिवसाचं भाडं आधी मागून घेतलं. मला राग आला नाही. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

डिसेंबर होता. दुपारी ऊन चांगलं तापायचं आणि पाच वाजले की शाल लागायची. लॉजखाली एक नेपाळी गृहस्थ गाडीवर नूडल्स करायचे. चाळिशीचे, तीन वर्षांपासून वर्ध्यात. मी गाडीवर खाणारी बाई नाही, पण शेजारच्या खानावळीत भाजीवर सांभार घालू का विचारलं. मला वाटलं इडलीबरोबरचं सांबार, म्हणून मी नको म्हटलं. नंतर कळलं की इकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. कोथिंबिरीवाचूनची ती भाजी अर्धी टाकून मी गाडीवर आले. बोलता बोलता त्यांनी नाव विचारलं, मी सांगितलं.

"अरे वा," ते म्हणाले. "हमारे नेपाल में माया मतलब प्यार."

"आई-मुलांचं?"

"वो भी. पर ज़्यादा तो लड़का-लड़की वाला." आणि कढई हलवत ते लाजल्यासारखे हसले.

खोलीवर येऊन मी बराच वेळ खिडकीशी उभी राहिले. नेपाळच्या भाषेचा आणि माझ्या वडिलांचा काही संबंध नाही, हे कळत होतं. पण संशय घेऊन निघालेल्या माणसाला वाटेत भेटेल ती गोष्ट पुरावाच वाटते.

वडनेर

वडील वडनेरच्या शाळेत चार वर्षं मास्तर होते. तेव्हा नोकरी मिळेल तिथे जायचं असायचं. आईला माहेर उरलं नव्हतं, म्हणून ती बाळंतपणालाही तिथेच राहिली. माझा जन्म वडनेरचा, मी वर्षाची असताना आम्ही सांगलीकडे परतलो. एवढंच मला माहीत होतं. त्या गावाबद्दल आई फक्त म्हणायची, "ऊन फार."

हिंगणघाटला बस बदलून वडनेरला उतरले. मोठा रस्ता गावाजवळून जातो, ट्रक थांबत नाहीत. रस्त्याकडेच्या शेतांत कापसाची शेवटची वेचणी चालू होती आणि तूर शेंगांवर आली होती. चहाच्या टपरीवर चौकशी केली तर बोलणं थांबलं. एकाने विचारलं, "सर्वे आहे का?" दुसरा म्हणाला, "जमिनीचं काई असंल." तिसऱ्याने सांगितलं, जुनं काही विचारायचं तर गुलाबरावाकडे जा, नाल्याच्या अंगाला भाजीचं वावर आहे.

गुलाबराव सत्तरीचे. वांगी तोडून क्रेटमध्ये भरत होते, उद्याच्या बाजारासाठी. त्यांची बायको बांधावर बसून भेदरं निवडत होती. भेदरं म्हणजे टोमॅटो, हे मात्र मी न विचारता ओळखलं.

"तुमच्या गावात पूर्वी माया नावाची एक बाई होती का?" मी विचारलं.

"कोनाची माय?"

"माय नाही. माया."

"हाव, पन कोनाची?"

तिकडे आईला माय म्हणतात. पाच मिनिटं आम्ही असेच बोलत राहिलो. त्यांना वाटत होतं मी कोणाच्या तरी आईला शोधतेय आणि नाव सांगत नाहीये. त्यात काहीतरी काळंबेरं असणार, असंही त्यांना वाटू लागलं होतं. "वारस लावाले आल्या का तुमी?" त्यांनी सरळच विचारलं. शेवटी मी वडिलांचा उल्लेख केला, सांगलीकडचे मास्तर.

त्यांनी हातातलं वांगं खाली ठेवलं. "मास्तरची पोरगी तुमी? मले दुसरीत होते ते. छडी नाई मारली कधी." मग जरा थांबून म्हणाले, "म्हणजे मायाबाईचं विचारून राह्यल्या."

"कोण होत्या त्या?"

"विहाराजवळ घर होतं तिचं. बौद्ध वस्तीत." त्यांचा आवाज खाली आला. "मास्तर जात तिच्याकडे. शाळा सुटली की. म्या सोता पाह्यलं."

"कशाला जात?"

"मले काय माईत? लहान होतो मी. गावात लोक बोलत."

"तुमी काऊन सांगून राह्यले ते?" बायको बांधावरून म्हणाली. "लोकाईच्या तोंडाले काय लागते?"

"त्या विचारून राह्यल्या, मी सांगून राह्यलो."

बाईंनी मला हाताने बसायची खूण केली आणि डब्यातून उकडलेल्या तुरीच्या शेंगा काढून पुढ्यात ठेवल्या. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या, अजून कोमट. इतर कुठल्याही दिवशी मी त्यांची पद्धत विचारून घेतली असती. त्या दिवशी मी दाणे सोलून तोंडात टाकत होते, पण चव कळत नव्हती. म्हणजे भांडण खरं होतं. आईचं बरोबर होतं.

मायाबाई कधीच वारल्या होत्या. "पन तिची पोरगी आहे," बाई म्हणाल्या. "रत्नमाला. वर्ध्याले राह्यते, पिपरी मेघेले. नर्स आहे. तिलेच विचारा ना."

"रत्नमाला माझ्यापेक्षा मोठी असेल का?"

बाईंनी माझ्याकडे पाहून हिशेब केला. "दोन-तीन वर्षानं लहान असंल."

आम्ही गाव सोडल्यानंतर वडील पहिल्यांदा वर्ध्याला कधी गेले असतील, हे मी परतीच्या बसमध्ये बसून मोजत होते. मोजून झालं की पुन्हा पहिल्यापासून मोजत होते.

पिपरी मेघे

पिपरी मेघे आता वर्धा शहराला लागूनच आहे. नव्या कॉलन्या, अर्धवट बांधकामं, गिलाव्याचा वास. तीन गल्ल्या चुकल्यावर घर सापडलं. फाटकावर पाटी होती, "महामाया". मी बेल वाजवण्याआधी शाल नीट केली. दार उघडणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर मला वडिलांचं नाक शोधायचं होतं आणि शोधताना पकडलं जायचं नव्हतं.

दारातल्या बाई माझ्यापेक्षा उंच होत्या. सकाळची ड्यूटी करून आल्या असाव्यात, केस अजून घट्ट बांधलेले. नाक बसकं, कपाळ रुंद. वडिलांसारखं काही दिसेना. पण मला ते हवं होतं की नको होतं, हेही सांगता येईना.

"तुम्ही माया नं?" त्या म्हणाल्या.

"कसं ओळखलंत?"

"गुलाबभाऊचा फोन आलता काल. बसा."

त्यांनी पाणी आणून दिलं, मी प्यायले. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली दोन माणसांचे फोटो. फोटोतला पुरुष बसक्या नाकाचा, रुंद कपाळाचा होता. माझ्या कालपासूनच्या आकडेमोडीचं उत्तर भिंतीवरच लावलेलं होतं. मी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं असणार.

"झालं पाहून?" रत्नमालाबाई म्हणाल्या. "ते माझे बाबा. सालदार होते. आता एक सांगा, माझ्या मायवर संशय घेऊन आल्या नं तुम्ही?"

मला खोटं बोलता आलं नाही. मान हलली.

"गावानं घेतला होताच. बाबाच्या कानावर आलता. त्याईनं काय केलं, सांगू? मास्तर आले की खाट अंगणात टाके. आत नाई बसवत. साऱ्या गावाले दिसू द्या म्हणे, मास्तर काय करून राह्यले ते."

"पण ते यायचे कशाला?"

त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्हाले सांगितलं नाई घरी? तुम्हाले एक भाऊ होता ते?"

मला भाऊ नव्हता. मी एकुलती एक. मी तसं म्हणालेही.

मग त्यांनी सांगितलं, त्यांच्या आईने त्यांना सांगितलं होतं तसं. माझ्या आधी दीड वर्षं आईचं पहिलं बाळंतपण झालं. माझी आजी, वडिलांची आई, त्यासाठी सांगलीहून आली होती. मूल आडवं होतं. सरकारी नर्स गावाला गेलेली. पंचक्रोशीत असल्या अडलेल्या बाईला सोडवणारी एकच दाई होती, मायाबाई. वडील जाऊन तिला घेऊन आले. आजी दारात उभी राहिली आणि म्हणाली, हिला आत घ्यायची नाही. सोवळ्याओवळ्याचं घर होतं आमचं. वडिलांनी आजीशी वाद घातला, पण उंबऱ्यातून तिला बाजूला केलं नाही. मायाबाई अंगणात दोन तास बसून राहिल्या. आतलं ओरडणं ऐकत बसल्या. मग आत मुलगा झाला तो गेलेलाच.

"पुरायले कोनी येईना," रत्नमालाबाई म्हणाल्या. "गावात तुमचं कोनी नाई. माझ्या बाबानं खड्डा खोदला, नाल्याच्या काठाले. मास्तरले तिथं जायची हिंमत नाई झाली त्या दिवशी. मंग नंतर येऊन विचारत, कोठी आहे ती जागा. बाबा दाखवत. येऊन बसत अंगणात, बोलत नसत काई. बस, एवढंच होतं ते."

मी विचारलं, "आणि माझ्या वेळी?"

"तुमच्या वेळी तुमची आजी नव्हती. अन् माय कोनी बोलावाची वाटच नाई पाह्यली. दिवस भरले हे तिले माईत होतं. सकाळी कळा सुरू झाल्याचं कानावर आलं तशी गेली, थेट आत. तुमीबी आडव्याच होत्या. फिरवलं तुम्हाले तिनं."

त्या उठल्या, आतून भाकरी, वांग्याची भाजी आणि सांभारवडी घेऊन आल्या. मी नको म्हणणार होते. मग म्हटलं, ह्या घरात आपण नको म्हणायचं नाही. सांभारवडी म्हणजे बेसनाच्या पारीत भरपूर कोथिंबीर भरून तळलेली गुंडाळी. सोबत ताकाची कढी. आम्ही दोघी जेवलो. त्या दुपारी मला चव लागली.

जेवताना त्यांनी नावाचं सांगितलं. मायाबाईचं जन्माचं नाव कचरी. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून नजर लागू नये असं नाव. दीक्षा घेतली तेव्हा त्यांनी ते टाकलं. भन्तेजींनी बुद्धाच्या आईचं नाव महामाया असं सांगितलं होतं, त्यातलं माया त्यांनी स्वतःसाठी ठेवून घेतलं. "कोनी ठेवलेलं नाई. सोताचं नाव सोता ठेवलं तिनं," रत्नमालाबाई म्हणाल्या. पण गाव कचरीच म्हणायचं. शाळेचा मास्तर पहिला, ज्याने वस्तीबाहेरून येऊन मायाबाई अशी हाक मारली.

"तुमी झाल्यावर मास्तर लुगडं घेऊन आले. मायनं वापस केलं. म्हणे, लुगडं फाटते. द्यायचंच तं पोरीले माझं नाव द्या. म्हणजे तुमच्या घरात रोज हाक मारा लागन."

मी घास खाली ठेवला.

"मारत होते का?" त्यांनी विचारलं.

"वडील मारायचे."

"अन् तुमची आई?"

इथे थाप मारणं सोपं होतं. सांगलीहून निघताना मी मारली होतीच. "नाही," मी म्हटलं. "मला बेबी म्हणते."

रत्नमालाबाई उठल्या. ताटं उचलून आत गेल्या आणि बराच वेळ नळ चालू होता. मला वाटलं, आता जायला सांगतील. परत आल्या तेव्हा हात पुसत म्हणाल्या, "उद्या मले सुट्टी आहे. जागा पाहाची असंल तं नेते."

संध्याकाळी लॉजवर मुलीचा, स्नेहलचा, पुण्याहून फोन आला. इराच्या गृहपाठासाठी ती शब्दकोश घेऊन बसली होती. "आई, तुझं नाव भारी आहे. न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या भाषेत असाच एक शब्द आहे, त्याचा अर्थ शूर. आणि ग्रीक भाषेत साधारण असाच उच्चार आहे, त्याचा अर्थ सुईण."

मी विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

"सांगितलं म्हणजे? शब्दकोशात आहे."

"परत बघ."

हे इतकं जुळून येत होतं की माझा त्यावरही विश्वास बसेना. मी अजून तिला वडनेरचं अवाक्षर सांगितलेलं नव्हतं. स्नेहलने दुसरा कोश पाहिला. तिथेही सुईणच. "पण आपल्या मायाशी त्याचा काही संबंध नाही हं," ती म्हणाली, "नुसतं सारखं ऐकू येतं." मी म्हटलं, असू दे. मग मी तिला सगळं सांगितलं. तिला एक मामा होता, हेही.

पुन्हा वडनेर

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बसने गेलो. नाल्याला पाणी कमी होतं, काठाने बाभळी. रत्नमालाबाई चालत पुढे गेल्या, थांबल्या, मागे आल्या, पुन्हा पुढे गेल्या. मधे तुरीचं शेत नाल्यापर्यंत सरकलं होतं. जुना बांध राहिला नव्हता.

"इथं कोठी तरी," त्या म्हणाल्या. "बाबानं दाखवलं होतं मले लहानपणी. एक निंब होता, तो नाई राह्यला आता. पक्कं सांगता येत नाई. खोटं काऊन सांगू?"

दोन दिवसांपूर्वी मला त्यांच्या शब्दाशब्दावर शंका आली असती. आता त्यांनी एखादी जागा बोट दाखवून सांगितली असती, तरच कदाचित आली असती. मी तुरीच्या ओळीत वाकून जमिनीला हात लावला. काळी माती, वर भेगा आणि खाली ओल. बहुतेक तिथे काहीच नव्हतं. शेजारच्या वावरातल्या वेचणीच्या बायका काम थांबवून आमच्याकडे पाहत होत्या. त्यांनाही वाटलं असेल, जमिनीचं काहीतरी आहे.

परतताना गुलाबरावांच्या बायकोने वांग्यांची पिशवी दिली. गुलाबराव समोर आले नाहीत. "लाजून राह्यले ते," बाई म्हणाल्या. "पुन्हा येजो बाई."

सांगली

घरी आल्यावर आईने विचारलं, लग्न कसं झालं. मी म्हटलं, "मी वडनेरला गेले होते."

ती काही बोलली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. वांगी तिने स्वतः चिरली, भाजी केली, वाढली. मी रत्नमालाबाईंनी सांगितलेलं सगळं तिला सांगितलं. मुलाचं, आजीचं, नाल्याचं, लुगड्याचं. ती ऐकत होती की नाही, कळत नव्हतं. मला तिचा रागही येत होता. ज्या बाईने मला जगात आणलं, तिचं नाव तिने साठ वर्षं तोंडातून निघू दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर उन्हात बसलो होतो तेव्हा तिने विचारलं, "त्यांच्याकडे जेवलीस का?"

"जेवले."

"पाणी प्यायलीस?"

"आई, प्यायले. का?"

तिने मांडीवरचा शालीचा काठ सरळ केला. "पहिल्या वेळी सासूबाई होत्या. त्यांच्यापुढे माझं चालत नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या वेळी त्या नव्हत्या. कोणीच नव्हतं. ती आणि मी. दुपार झाली, माझा घसा कोरडा पडला होता. तिने तांब्या पुढे केला. मी तोंड फिरवलं. पोटातलं मूल तिच्या हातात देत होते, आणि पाणी नको म्हटलं. ती एक शब्द बोलली नाही. नाव घेतलं की मला तो तांब्या दिसायचा. म्हणून घेत नव्हते. ह्यांना हे कधी सांगितलं नाही."

मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"तिच्या लेकीने हे सांगितलं तुला?"

"नाही."

"म्हणजे तिने लेकीलाही सांगितलं नाही," आई म्हणाली. आणि जरा वेळाने, "नंबर आहे का तिचा? लाव."

आईला कमी ऐकू येतं, म्हणून मी फोन मोठ्या आवाजावर ठेवून तिच्या हातात दिला. आईने ओळख दिली आणि प्रकृतीची चौकशी वगैरे काही न करता सरळ सगळं सांगितलं. तांब्याचं, तोंड फिरवल्याचं. बोलताना तिचा आवाज लहान झाला नाही, उलट मोठा झाला. खालच्या बिऱ्हाडातल्या लोकांनाही ऐकू गेलं असेल. शेवटी म्हणाली, "तुझ्या आईला सांगता आलं नाही. तुला सांगते."

पलीकडून रत्नमालाबाईंचा आवाज आला.

"माईत आहे मले, काकू," त्या म्हणाल्या. "मायनं सांगितलं होतं. तुमच्या पोरीसमोर काऊन सांगू, म्हणून नाई सांगितलं."

आईने फोन कानाजवळ घट्ट धरला होता. तिने विचारलं, "काय म्हणाली होती ती?"

"काई नाई. तो तांब्या मंग मायच पेली म्हणे. तिलेबी तहान लागलती."